नोटेवरचं गाव

दहा डॉलरच्या दोन नोटा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत असं समजा. दोन्ही १९२९ च्या मालिकेतल्या. दोन्हींवर मधोमध अलेक्झांडर हॅमिल्टन, उजवीकडे ट्रेझरीची तपकिरी मोहर, अनुक्रमांकही तपकिरीच. कागद तोच, छापखाना तोच, घड्यासुद्धा जवळपास सारख्याच पडलेल्या. एक नोट लिलावात शंभर डॉलरच्या आसपास जाते. दुसरीसाठी चार माणसं हट्टाला पेटतात आणि बोली काही हजारांवर जाऊन थांबते. फरक असतो तो डाव्या बाजूला काळ्या शाईत नंतर छापलेल्या दोन-तीन ओळींचा. पहिलीवर मोठ्या शहरातल्या मोठ्या बँकेचं नाव असतं. दुसरीवर असतं हजारभर वस्तीच्या गावातल्या बँकेचं, आणि तिच्या नोटा जेमतेम दोन-तीनच शिल्लक असतात.

अमेरिकेच्या नॅशनल बँक नोटांचा सगळा खेळ हा असा गावाच्या नावाभोवती फिरतो. १८६३ ते १९३५ या काळात अमेरिकेत गावोगावच्या खासगी बँका स्वतःच्या नावाने नोटा चलनात आणत होत्या. नोटेचा साचा आणि छपाई केंद्र सरकारच्या देखरेखीखाली, नाव आणि सह्या मात्र स्थानिक. चौदा हजारांहून जास्त बँकांना सनदा मिळाल्या आणि त्यांपैकी बारा हजारांहून जास्त बँकांनी प्रत्यक्ष नोटा काढल्या. राष्ट्राध्यक्षांचा चेहरा आणि गावातल्या कॅशियरची सही एकाच कागदावर, अशी चीज दुसरीकडे सहसा सापडत नाही.

हे असं का झालं, हे समजून घ्यायचं तर यादवी युद्धापर्यंत मागे जावं लागतं. १८६१ च्या आधी केंद्र सरकारच्या कागदी नोटा अशा जवळजवळ नव्हत्याच. प्रत्येक राज्य बँकांना परवानगी देई आणि बँका आपापल्या नोटा छापून घेत. दीड हजारांच्या आसपास बँका, हजारो तऱ्हेच्या नोटा. दुकानदार गल्ल्यापाशी बनावट नोटा ओळखण्याची पुस्तिका ठेवत आणि गिऱ्हाइकाची नोट तिच्याशी ताडून मगच माल देत. कुठली बँक बुडाली आहे, कुठलीची नोट किती कसर कापून घ्यायची, हेही त्याच पुस्तिकेत. एका राज्यातली नोट दुसऱ्या राज्यात पूर्ण किमतीला चालेलच, याचा भरवसा नव्हता.

युद्ध पेटलं, खर्च आवाक्याबाहेर गेला, तेव्हा अर्थमंत्री सॅल्मन पी. चेस यांनी एका दगडात दोन पक्षी मारले. २५ फेब्रुवारी १८६३ च्या कायद्याने नवी व्यवस्था आली. बँकेने सरकारी कर्जरोखे विकत घ्यायचे, ते वॉशिंग्टनला ट्रेझरीकडे ठेवायचे आणि त्या बदल्यात रोख्यांच्या ९० टक्क्यांपर्यंत नोटा मिळवायच्या. सरकारला कर्ज मिळालं, देशाला एकसारखं चलन मिळालं. बँक बुडाली तरी नोटधारकाचे पैसे बुडत नसत, कारण तारण ट्रेझरीत असे. राज्य बँका तरीही आपल्या नोटा सोडेनात, तेव्हा १८६५ च्या कायद्याने त्यांच्या नोटांवर १० टक्के कर बसवला. तो लागू झाल्यावर जुन्या नोटा चलनातून निघाल्याच.

याच युद्धाने आपल्या मुंबईत काय केलं हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. अमेरिकेचा कापूस अडला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि प्रेमचंद रायचंदांच्या काळातला तो शेअरचा बुडबुडा फुगून १८६५ मध्ये फुटला. गंमत अशी की, नोटांच्या बाबतीत हिंदुस्थान त्याच सुमारास नेमका उलट्या दिशेने चालला होता. बँक ऑफ बॉम्बेसारख्या प्रांतिक बँकांकडे असलेला नोटा काढण्याचा अधिकार १८६१ च्या कायद्याने काढून सरकारने स्वतःकडे घेतला. अमेरिकेने तो अधिकार नियम घालून गावोगाव वाटला.

सनद मिळालेली पहिली बँक फिलाडेल्फियाची फर्स्ट नॅशनल बँक. तिचा चार्टर नंबर १. प्रत्यक्ष दार उघडून धंदा पहिल्यांदा सुरू केला तो आयोवातल्या डॅव्हनपोर्टच्या फर्स्ट नॅशनल बँकेने, २९ जून १८६३ ला. ‘फर्स्ट नॅशनल’ हे नाव जिथे तिथे दिसतं, त्याचं कारण चेस यांचा हट्ट. प्रत्येक शहरातल्या बँकांनी फर्स्ट, सेकंड, थर्ड अशीच नावं घ्यावीत असं त्यांचं म्हणणं. जुन्या नामांकित बँकांना आपलं नाव टाकून ‘फोर्थ नॅशनल’ व्हायचं नव्हतं, म्हणून पुढे ती सक्ती सैल करावी लागली.

नोटा बँकेत पोचत त्या सुट्ट्या नव्हे, अखंड तावांमध्ये. १९२९ च्या आधी नोटा मोठ्या आकाराच्या असत; त्या काळात एका तावावर साधारण चार नोटा. नेहमीचा ताव म्हणजे दहाच्या तीन आणि विसाची एक. गावातल्या बँकेत कॅशियर आणि अध्यक्ष एकेका नोटेवर टाकाने सह्या करत, मग कात्रीने ताव कापत. म्हणून एखाद्या नोटेचा वरचा काठ तिरका गेलेला दिसला, तर तो दोष समजू नका; कारकुनाच्या हाताची ती खूण आहे. पुढे पुढे काही बँकांनी रबरी शिक्के वापरले, काहींनी सह्या छापूनच घेतल्या. गावाकडच्या नोटा जमवणाऱ्याला मात्र टाकाची सही हवी असते. ती बहुतेक वेळा तपकिरी पडलेली, कधी जवळजवळ उडालेली असते.

आता ओळखण्याकडे वळू. मोठ्या आकाराची नोट आजच्या डॉलरपेक्षा बरीच लांबरुंद, साधारण १८९ बाय ७९ मिलिमीटर. १९२९ पासूनची छोटी १५६ बाय ६६. मोठ्या नोटांच्या तीन पिढ्या मानतात. पहिली १८६३ पासूनची. यात एक आणि दोन डॉलरच्याही नोटा होत्या. दोनच्या नोटेवर भला मोठा २ आडवा झोपवलेला, म्हणून संग्राहक तिला ‘लेझी ड्यूस’ म्हणतात. पाठीमागे मधोमध इतिहासातले प्रसंग कोरलेले. पाचच्या नोटेवर कोलंबसाचं किनाऱ्यावर उतरणं, विसाच्या नोटेवर पोकाहोंटसचा बाप्तिस्मा, शंभरच्या नोटेवर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं चित्र. ही चित्रं कॅपिटॉलच्या घुमटाखालच्या मोठ्या तैलचित्रांवरून घेतलेली. चित्राच्या एका बाजूला ज्या राज्यातली बँक, त्या राज्याची मुद्रा. याच पिढीतल्या १८७५ च्या मालिकेवर लाल रंगात चार्टर नंबर ठसठशीत छापला जाऊ लागला. त्याआधीच्या मूळ मालिकेत तो सहसा नसतो.

दुसरी पिढी १८८२ ची. तिची पाठ तपकिरी, आणि पाठीवर मधोमध चार्टर नंबर मोठ्या निळसर हिरव्या आकड्यांत. यांना ‘ब्राउन बॅक’ म्हणतात. माझ्या मते या सगळ्या नोटांत देखणेपणात त्यांना तोड नाही. पाच डॉलरच्या ब्राउन बॅकवर नुकतेच खून झालेले राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड आहेत, आणि बँकेचं नाव वेगवेगळ्या अक्षरवळणांत, कधी कमानीत, कधी फितीवर, असं इतक्या तऱ्हांनी कोरलंय की त्यांचेच वेगळे संग्रह होतात. १९०७ च्या आर्थिक घबराटीनंतर १९०८ चा कायदा आला. बँकांना सरकारी रोख्यांखेरीज इतर तारणावरही नोटा काढता येऊ लागल्या. तेव्हा पाठीवर ‘१८८२’ आणि ‘१९०८’ ही दोन वर्षं आली, पुढे त्यांच्या जागी रक्कम अक्षरांत आली.

तिसरी पिढी १९०२ ची. सुरुवातीला लाल मोहर, मग १९०८ पासून निळी. लाल मोहरेच्या नोटा थोडा काळच निघाल्या, म्हणून त्या महाग. पाचवर बेंजामिन हॅरिसन, दहावर मॅकिन्ली. पण विसावर कोण? ह्यू मॅक्युलॉक. या व्यवस्थेचे पहिले कंट्रोलर ऑफ द करन्सी, म्हणजे बँकांवर देखरेख करणारे अधिकारी. शंभरावर जॉन जे नॉक्स, तेही पुढे याच पदावर होते. सरकारी बाबूंनी स्वतःच्या खात्याच्या दोन माणसांना नोटेवर बसवलं, याचं मला नेहमी हसू येतं.

नवशिक्याची गफलत इथेच होते. ‘पहिली पिढी १८८२ पर्यंत, दुसरी १९०२ पर्यंत’ असं पाठ करून तो नोटेचं वय ठरवायला जातो. पण पिढी देशाच्या नव्हे, त्या त्या बँकेच्या सनदेच्या तारखेवर ठरत असे. सनद वीस वर्षांची. १८८२ च्या जुलैमध्ये नवा कायदा लागू झाला. त्याच्या आदल्या आठवड्यात सनद मिळालेली बँक १९०२ पर्यंत जुन्या १८७५ मालिकेच्याच नोटा काढत राहिली. १९०२ च्या एप्रिलच्या सुरुवातीला सनद मिळालेली बँक १९२२ पर्यंत १८८२ च्या साच्याच्या नोटा देत होती. म्हणजे १९१० साली एखाद्या माणसाच्या पाकिटात दोन पिढ्या शेजारी शेजारी नांदत असत. याच कारणाने नोटेवरची तारीख ही ती छापल्याची तारीख नव्हे. ती साच्याची तारीख, बहुतेक बँकेच्या सनदेशी किंवा नूतनीकरणाशी जोडलेली. ट्रेझरीच्या अधिकाऱ्यांच्या सह्याही त्या तारखेच्याच, मग प्रत्यक्ष नोट वीस वर्षांनी का छापलेली असेना.

मोठी नोट हातात आली की ती सातबाऱ्यासारखी वाचावी; सगळी नोंद तिच्यावरच असते. १९०२ च्या मालिकेतली दहाची नोट घ्या. वर रोख्यांच्या तारणाचा मजकूर, त्याखाली ट्रेझरीच्या दोन अधिकाऱ्यांच्या सह्या. मध्ये बँकेचं पूर्ण नाव, गाव, राज्य. ठळक चार्टर नंबर बाजूला, आणि काठाच्या नक्षीत तोच नंबर बारीक अक्षरात पुन्हा पुन्हा कोरलेला. भिंगाखाली या दोन्ही नंबरांचा मेळ बसला पाहिजे. १९२५ पर्यंतच्या नोटांवर अनुक्रमांक दोन असतात, एक ट्रेझरीचा, एक बँकेचा. बँकेचा क्रमांक ४१२ असेल तर हा त्या साच्याचा चारशे बारावा ताव. तावावरच्या तिन्ही दहांना तोच क्रमांक. वेगळेपण फक्त साच्याच्या अक्षरात, ए, बी, सी. एकाच क्रमांकाच्या दोन नोटा बघून घाबरून जाणाऱ्याने आधी ते अक्षर शोधावं.

या मालिकेवर चार्टर नंबराशेजारी किंवा त्याखाली कधी एक सुटं मोठं अक्षर दिसतं: एन, ई, एस, एम, डब्ल्यू किंवा पी. हे १९०२ ते १९२४ च्या सुमाराचं. न्यू इंग्लंड, पूर्व, दक्षिण, मध्य-पश्चिम, पश्चिम आणि पॅसिफिक, असे देशाचे भाग. जुन्या नोटा वॉशिंग्टनला परत येत, तेव्हा हजारो बँकांच्या नोटा गठ्ठ्यागठ्ठ्यांनी वेगळ्या करणाऱ्या कारकुनांच्या सोयीसाठी हे अक्षर होतं.

१९२९ च्या छोट्या नोटांत दोन प्रकार आहेत आणि तिथला फरक लक्षात ठेवायला सोपा. पहिल्या प्रकारात चार्टर नंबर फक्त दोनदा, डाव्या आणि उजव्या टोकाला उभा, काळ्या शाईत. एका तावावर सहा नोटा, सहांनाही तोच आकडा. आधीचं अक्षर मात्र ए पासून एफ पर्यंत बदलतं, शेवटी पुन्हा ए. १९३३ पासून दुसरा प्रकार आला. यात अनुक्रमांकाजवळ तपकिरी रंगात आणखी दोनदा चार्टर नंबर, आणि नोटा ओळीने मोजलेल्या, सहाही नोटांचे आकडे वेगवेगळे. शेवटचं अक्षर गायब. दोन्ही प्रकारांत ट्रेझरीच्या सह्या मात्र एकच जोडी, जोन्स आणि वुड्स.

गावाचं नाव वाचतानाही घाई करू नये. १९३०च्या दशकात अनेक बँका बुडाल्या आणि त्याच गावात नव्या सनदेने पुन्हा उभ्या राहिल्या. जुनी ‘फर्स्ट नॅशनल बँक ऑफ’ अमुक गाव, नवी ‘फर्स्ट नॅशनल बँक इन’ तेच गाव. कागदोपत्री या दोन वेगळ्या बँका, चार्टर नंबर वेगळे, आणि एकीच्या नोटा मुबलक असताना दुसरीची एकही शिल्लक नसू शकते. नावाइतकाच नंबर महत्त्वाचा, तो याचसाठी.

शिल्लक नोटा इतक्या कमी का? कारण त्या चलनात होत्या, मळत होत्या, आणि मळलेली नोट ट्रेझरीत परत गेली की तिचा लगदा होई. १८७४ च्या कायद्याने बँकांनी त्यासाठी ५ टक्के निधी वॉशिंग्टनला ठेवायचा होता. या लगद्याचीही एक करामत आहे. त्यापासून वॉशिंग्टनमध्ये छोट्या मूर्ती, टोप्या, पुतळे बनवून पर्यटकांना विकत. करड्या हिरवट पुठ्ठ्यात अजूनही छापील रेघांचे तुकडे दिसतात. ते पुतळेही आज कुणीतरी जमवतं.

एखाद्या बँकेने किती नोटा काढल्या याच्या सरकारी नोंदी आहेत, आणि त्या नोंदी खणून काढण्यातच या छंदाचा पाया घातला गेला. जॉन हिकमन आणि डीन ओक्स यांनी १९८२ मध्ये बँकवार सूची छापली. हिकमन यांनी शिल्लक नोटांची गणतीही सुरू केली होती, आणि ती पुढे इतरांनी चालू ठेवली. कुठल्या गावाच्या किती नोटा आजवर दिसल्या, कोणत्या अनुक्रमांकाच्या, हे त्या गणतीतून कळतं. स्मिथसोनियनमध्ये साच्यांवरून काढलेले नमुनाछापही जपून ठेवले आहेत. त्यामुळे ज्या नोटेची एकही प्रत शिल्लक नाही, ती दिसत कशी होती तेही पाहता येतं. फक्त याच नोटांना वाहिलेलं एक संग्रहालय आयोवातल्या ओकोबोजी गावी १९७८ मध्ये सुरू झालं, हिगिन्स म्युझियम.

बनावटीबद्दल बोलायलाच हवं. पूर्ण खोटी नोट छापणारे कमी. खरी नोट ‘सुधारणारे’ जास्त. स्वस्त १९२९ च्या नोटेवरचं काळं नाव खरवडून दुर्मीळ गावाचं नाव छापणं ही नेहमीची हातचलाखी. अशा ठिकाणी कागदाचा पृष्ठभाग जरा फुलारलेला दिसतो, तिरप्या उजेडात तर स्पष्टच. मग मोठ्या नोटांवर उडालेल्या सह्या नव्या शाईने गिरवणं. भिंगाखाली दोन रेषा एकावर एक न बसलेल्या दिसतात. भोकं कागदाच्या लगद्याने बुजवणं, धुऊन इस्त्री करणं, हे तर सर्रास चालतं. अतिनील दिव्याखाली भरलेल्या जागा वेगळ्या चमकतात. कागदातले बारीक लाल-निळे रेशमी तंतू सुईच्या टोकाने हलू शकतात. छापलेली रेघ हलत नाही. धुतलेली नोट बघायला स्वच्छ वाटते, पण अनुभवी माणूस बोटांच्या चिमटीतच तिचा मऊपणा ओळखतो.

संग्रह करायचा कसा? कुणी एक राज्य धरतो, कुणी एकच जिल्हा. कुणी प्रदेश शोधतो: राज्य होण्याआधीचा डकोटा टेरिटरी, इंडियन टेरिटरी, होनोलुलूतली फर्स्ट नॅशनल बँक ऑफ हवाई, अलास्कातलं जुनो. कुणाला सोन्याची ओढ. १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या काही बँकांनी सोन्यात वटणाऱ्या नोटा खास पिवळसर कागदावर काढल्या, ज्यांच्या पाठीवर सोन्याच्या नाण्यांचा ढीग कोरला आहे. कुणी गावामागची कथा विकत घेतो. डेडवूडची नोट म्हणजे सोन्याच्या शोधात धावलेल्यांचं गाव. मिनेसोटातल्या नॉर्थफील्डची फर्स्ट नॅशनल बँक म्हणजे ७ सप्टेंबर १८७६ चा जेसी जेम्सच्या टोळीचा दरोडा, ज्यात तिजोरी उघडायला नकार दिलेल्या जोसेफ हेवूड यांचा जीव गेला आणि दरोडेखोरांच्या हाती जेमतेम काही डॉलर लागले.

सह्यांमागेही माणसं असतात. ट्रेझरीच्या रजिस्टर पदावर बसलेले ब्लँच के. ब्रूस गुलामीत जन्मलेले, आणि या पदाआधी मिसिसिपीचे सिनेटर होते. त्यांची सही असलेल्या नोटा साच्याबरोबर चालत गावोगावच्या गोऱ्या सावकारांच्या गल्ल्यात पडत राहिल्या. शिकागोच्या डग्लस नॅशनल बँकेचे अध्यक्ष अँथनी ओव्हर्टन कृष्णवर्णीय उद्योजक. १९२२ मध्ये सुरू झालेली ती बँक १९३२ मध्ये मंदीत बंद पडली. तिच्या नोटांवर त्यांचं नाव आहे, आणि त्या नोटांना आज बाजारात स्वतःचा वेगळा भाव आहे.

१९३५ मध्ये ज्या रोख्यांच्या तारणावर नोटा निघत होत्या, ते रोखे सरकारने फेडून टाकले आणि व्यवस्था संपली. त्याच वर्षी १ एप्रिलला आपल्याकडे रिझर्व्ह बँक सुरू झाली. नोटा मात्र आजही कायद्याने दर्शनी किमतीला चालतात. दहाची नोट बँकेत दिली तर दहा डॉलर मिळतील, असा वेडा सौदा कुणी करणार नाही एवढंच.

सुरुवात करणाऱ्याने १९२९ ची, ओळखीच्या गावाची, न धुतलेली नोट घ्यावी. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांना जर्सी सिटीच्या फर्स्ट नॅशनल बँकेपासून सुरुवात करता येईल. घेण्याआधी त्या चार्टर नंबरच्या किती नोटा गणतीत आहेत ते पाहावं आणि मगच ग्रेडकडे वळावं. एक ते सत्तर या मोजणीत पस्तीस मिळालेली मोठ्या शहराची नोट आणि पंधरा मिळालेली कोपरा फाटलेली गावठी नोट यांत मी दुसरी घेईन, पण तिला चिकटपट्टी लावलेली नसावी. साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नये. पीव्हीसीतून सुटणारी रसायनं कागदाला चिकट करतात. मायलरचं पाकीट, अंधारी कोरडी जागा, आणि पाकिटावर पेन्सिलने चार्टर नंबर लिहून ठेवावा.